मेहनत त्याची, खुराक आपला

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं किराणा-भुसारचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. गल्ल्यावर बसलं की गिऱ्हाईक काय खातं हे तर कळतंच, पण काय खाल्लं म्हणजे आपण बारीक होऊ असं त्याला वाटतं ते त्याहून जास्त कळतं. पूर्वी यादी यायची ती शाळू, तांदूळ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, चहापत्ती अशी. आता त्याच यादीच्या खाली वेगळ्या अक्षरात, बहुतेक पोरीच्या नाहीतर सुनेच्या, चिया सीड्स, ओट्स, जवस, सैंधव, ब्राऊन राईस. वरचं काही कमी झालेलं नसतं बरं का, खाली फक्त भर पडलेली असते. धंद्याच्या दृष्टीनं माझी काही तक्रार नाही, चियावर मार्जिन चांगलं आहे.

पण इतकी वर्षं हे बघून माझं एक मत झालंय. व्यायाम आणि खाण्याबद्दल आपल्याकडं जे काही ठाम बोललं जातं त्यातलं बरंचसं कधीतरी, कुणासाठी तरी खरं होतं. तालमीतल्या पोरासाठी, रात्री उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या माणसासाठी, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईसाठी. आपण त्यांचा नियम तेवढा उचलला आणि त्यांचं काम तिथंच ठेवून आलो.

आता कुस्तीचंच घ्या. हा मुलूखच पैलवानांचा. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ ला हिंदकेसरी झाले, आणि पलीकडं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. त्यामुळं आमच्याकडं घरटी एखादा काका-मामा तरी तालमीत जाऊन आलेला असतोच, आणि खुराक म्हणजे काय हे सगळ्यांना त्याच्याकडूनच माहिती. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. पण तो काका पहाटे उठून फावड्यानं आखाडा खणायचा, मग जोर, मग बैठका, मग लढती, आणि संध्याकाळी परत तेच. एवढं केल्यावर त्याला तूप कमीच पडत असणार. त्याचाच पुतण्या आज बँकेत खुर्चीवर बसतो, गाडीवरून जातो-येतो, आणि रात्री भिजवलेले बदाम सकाळी तुपातल्या शिऱ्याबरोबर खातो कारण 'आमच्या घरात पहिल्यापासून खुराक आहे'. तीस ग्रॅम बदाम म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी, चांगली मूठभर होतात. बदाम वाईट नाहीत हो, मीच विकतो, पण ते जेवणाच्या वर खायचे की जेवणातलं काही काढून, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आणि ताकद म्हणजे आडवं अंग हेही डोक्यात बसलेलं. खाशाबांनी पदक जिंकलं ते बँटमवेटमध्ये, म्हणजे सत्तावन्न किलोपर्यंतच्या गटात. आज सत्तावन्न किलोचा पोरगा आमच्या दुकानात आला तर लोक विचारतील, घरी जेवायला देत नाहीत का.

तालमीवरूनच आलेलं दुसरं वाक्य म्हणजे 'व्यायाम सोडला की अंग सुटतं, म्हणून लावूच नये'. किती पोरांचा व्यायाम या एका वाक्यानं सुरू व्हायच्या आधीच बंद पडला असेल. स्नायू वेगळा, चरबी वेगळी, दोन्हीच्या पेशीच वेगळ्या, एकाचं दुसऱ्यात काही रूपांतर होत नाही. होतं एवढंच की बैठका बंद होतात आणि स्नायू हळूहळू कमी होतात, पण ताटातलं तूप मात्र पैलवानाच्याच मापानं चालू राहतं. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, एकेकाळी वस्ताद म्हणून नाव होतं, आता पोट पँटच्या पट्ट्यावरून पुढं आलेलं. ते स्वतःच हसत सांगतात, "मेहनत सुटली गा, तोंड न्हाई सुटलं." सगळं शरीरशास्त्र त्यात आलं.

सकाळी आमराईत फिरायला गेलं की दोन-चार पोरं भर उन्हाळ्यात रेनकोटसारखं काहीतरी घालून पळताना दिसतात. घाम काढायचा म्हणे, घाम म्हणजे चरबी वितळतीय. हे पण आलंय कुस्तीतनंच. पैलवान वजन तोडतो ते गटात बसण्यासाठी, काट्यावर उभं राहायच्या आदल्या दिवशी, आणि वजन झालं रे झालं की तांब्याच्या तांब्या पाणी रिचवतो. त्याला किलो-दोन किलो पाणी काढायचंच असतं, त्याला चरबीशी काही देणंघेणं नसतं. आणि त्यातही जिवाचा खेळ आहे. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच रबरी सूट घालून वजन तोडताना काही आठवड्यांच्या अंतरानं गेले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत हा प्रकार बंद केला. आपल्या पोरांना ना गट ना लढत, घरी जाऊन पाणी प्यायचं आणि काटा परत होता तिथं.

मग चरबी जाते कुठं? हे मी वाचलं तेव्हा मलाच गंमत वाटली. २०१४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन लोकांनी याचा हिशोब एका ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे आपण बारीक होतो ते मुख्यतः श्वासावाटे. आता हे ऐकून कुणी जोरजोरात श्वास घ्यायचा क्लास काढू नका, शरीरानं आधी जाळायला पाहिजे ना, नुसता भाता हलवून काय उपयोग.

पोटाचे व्यायाम करून पोटच कमी होतं हाही तसलाच प्रकार. चरबी कुठून आधी उचलायची हे शरीर ठरवतं, त्यात आपलं मत विचारत नाही. टेनिस खेळाडूंचा एक हात दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त राबतो, म्हणून १९७१ मध्ये त्यांचे दोन्ही हात मोजले होते. राबणारा हात जाड होता, पण कातडीखालची चरबी दोन्हीकडं सारखीच. गरम पाणी-लिंबू-मधाबद्दल तर बोलायलाच नको, मधाच्या बाटल्या मला दर महिन्याला परत भराव्या लागतात. चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात, त्या कमी करण्यासाठी लोक रोज न चुकता पोटात घालतात.

साखरेच्या जागी गूळ मागणारं गिऱ्हाईक मला सगळ्यात जास्त अडचणीत टाकतं. "मालक, शुगर निघालीय, साखर बंद केली, एक ढेप गूळ द्या." आता काय बोलायचं? ऊस एकच, रस एकच, कारखान्यात गेला तर साखर आणि गुऱ्हाळात काहिलीवर आटवला तर गूळ. गुळात बहुतेक सगळी तीच साखर असते, रक्तातली शुगर तो तितकीच वाढवतो. लोह, खनिजं असतात थोडी, पण ज्या चमचाभरानं चहा गोड होतो त्यात ती नावालाच. चवीला गूळ मलाही आवडतो, पण औषध म्हणून देताना हात अडखळतो. मी सांगतो बऱ्याचदा. काही जण ऐकतात, काही शेजारच्या दुकानातनं घेऊन जातात.

बेदाण्याचं सांगताना जरा जीवावर येतं कारण तो आमच्या जिल्ह्याचा अभिमान आहे, २०१६ ला सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तासगावला सौदे निघतात तेव्हा सगळ्या भागाचा जीव त्या भावात अडकलेला असतो. पण चार किलो द्राक्षं वाळवली की साधारण एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून गेलं, साखर तिथंच राहिली. शंभर ग्रॅममध्ये साठ-पासष्ट ग्रॅम साखर. पळणाऱ्याला, शेतात राबणाऱ्याला, तापातनं उठलेल्या पोराला छानच. पण शुगरवाल्यानं 'नैसर्गिक आहे' म्हणून मूठभर भिजवून खायचं आणि वर ते पाणीही प्यायचं, हे मला पटत नाही, आणि हे मी बेदाणा विकणारा माणूस सांगतोय.

भाकरीवरून तर आमच्या घरात वाद झाला. मेव्हण्याने वजन कमी करायला चपात्या सोडून भाकरी सुरू केली, दोन चपात्यांच्या जागी दोन भाकरी. बायको म्हणाली, बघा दादा कसा मनावर घेतो. मी म्हटलं थांब. दुकानातला छोटा डिजिटल काटा घरी आणला, तिनं चपातीला जेवढी कणीक घेतली तेवढी ठेवली आणि त्यातलं पाणी वजा धरलं तर पीठ निघालं पंचवीस-तीस ग्रॅम. मग भाकरीला परातीत जेवढं कोरडं पीठ घेते ते ठेवलं, नव्वदच्या आसपास. आणि तिची भाकरी तशी लहानच असते, तिच्या आईची, म्हणजे जत भागातली, तव्याबाहेर जाते. ज्वारी, गहू, तांदूळ तिघांच्याही पिठात कॅलरी जवळपास सारख्याच, शंभर ग्रॅमला सव्वातीनशे ते साडेतीनशे. म्हणजे मेव्हणा चपात्या सोडून जवळजवळ तिप्पट पीठ खायला लागला होता आणि वर सगळ्यांना सांगत होता की मी डाएटवर आहे. ज्वारीत चोथा चांगला असतो, पोट भरल्यासारखं राहतं, त्यामुळं भाकरी चांगलीच, पण एक. दोन भाकऱ्या आणि खर्डा हे औत मारून आलेल्या माणसाचं ताट आहे, मेव्हणा तर एलआयसीचं काम करतो, मोटारसायकलवरून.

भाताचंही तसंच. भातानं पोट सुटतं म्हणून भात सोडलेले लोक एकादशीला साबुदाण्याची खिचडी ताटभर खातात. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, प्रोटीन जवळजवळ नाहीच, आणि त्याच्यावर तूप-दाणकूट. असो.

प्रोटीनकडं येऊ, कारण इथं दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. एकीकडं वडील पोराच्या पावडरच्या डब्याकडं असं बघतात जणू घरात गांजा सापडलाय. एकदा एक गृहस्थ तो डबाच पिशवीतनं घेऊन आले, "तुम्ही या लाइनीतले, बघा जरा, हे स्टिरॉइड तर नाही?" व्हे म्हणजे दूध फाडून पनीर-चीज केल्यावर जे हिरवट पाणी उरतं ना, त्यातलं प्रोटीन गाळून वाळवलेलं. स्टिरॉइड ही वेगळीच भानगड, ती हार्मोनची औषधं. पण बाजारात बनावट मालही असतो आणि डब्यात नक्की काय भरलंय हे मला कळत नाही म्हणून मी तो माल ठेवत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पावडरी टाळाच म्हटलंय. दुसरीकडं, पावडरला नावं ठेवणाऱ्या त्याच घरातली आमटी बघा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम तरी प्रोटीन लागतं, किलोमागं ०.८३ ग्रॅम असा हिशोब आहे. घट्ट वरणाची एक वाटी म्हणजे तीसेक ग्रॅम डाळ, त्यातनं मिळतात सहा-सात ग्रॅम, एका अंड्याएवढं. आणि आमच्याकडची पाहुण्यांसाठी वाढवलेली आमटी म्हणजे, तुम्हाला माहितीच आहे, तळाशी गेल्याशिवाय डाळ भेटत नाही. 'आम्ही शेंगदाणे खातो की' असं लगेच उत्तर येतं. शेंगदाण्यात प्रोटीन आहेच, शंभरात पंचवीस, पण त्याच्या निम्म्या वजनाचं तेल असतं, म्हणून तर आपण त्याचा घाणा काढतो. सगळ्यात मजा म्हणजे सोयाबीन. कृष्णाकाठी सोयाबीनची पोतीच्या पोती पिकतात, प्रोटीन डाळीच्या दीडपट, आणि सगळं जातं तेलाच्या मिलला. घरात कुणी खात नाही. "ते जनावराच्या पेंडीचं," म्हणतात.

आता चालायचं बघू. आमराईतला आमच्या मित्रांचा ग्रुप चांगला आहे, राजकारणावर बोलत बोलत तासभर चालतो. तासाभरात दोनशे-अडीचशे कॅलरी जात असतील. नंतर गाड्यावर चहा, एक प्लेट वडे, आणि 'आज चाललोय की' हे वर तोंडीलावणं. खर्च-जमा तिथल्या तिथं मिटला, उलट थोडी बाकीच निघाली. मग वर्षभरानं कुणीतरी म्हणतो, चालून काही फरक पडत नाही, आणि बंद करतो. माझं म्हणणं असं की व्यायाम आणि जेवण आपण एकाच वहीत मांडतो हीच मोठी चूक. वजन बहुतांशी ताटावर ठरतं. चालण्याचं काम वेगळं आहे आणि ते काट्यावर दिसत नाही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं हळू चाललं तरी पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाटही बघावी लागत नाही. आज्जी शतपावली घाला म्हणायची तेव्हा तिला हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण 'जेवल्यावर चालू नये, पचन बिघडतं' म्हणणाऱ्यांपेक्षा ती बरोबर होती.

आणि काट्यावर विश्वास ठेवणारे बारीक लोक तर जास्तच फसतात. "मला काय होतंय, माझं वजन बघा," असं म्हणणाऱ्या काडीसारख्या माणसांची शुगर तीनशे निघालेली मी पाहिलीय. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवणच आहे. त्यामुळं बारीक माणसाला व्यायामातनं सुट्टी नाही.

हातातल्या घड्याळात दहा हजार पावलं पूर्ण करण्यासाठी रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्यांना एवढंच सांगतो की हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याचंच नाव होतं ते. २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वयस्कर बायकांना साडेसात हजारापर्यंत फायदा वाढत गेला आणि पुढं तो तिथंच थांबला. तुमची सहा हजार झाली तर झोपा की निवांत.

बायकांचं तर वेगळंच. वहिनींनी जिम लावली तर सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना काळजी की डंबेल उचलून हिचे दंड बाप्यासारखे होतील. अहो, ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढतात, त्यांच्याकडं बघून कुणाला कधी असं वाटलं नाही. पुरुषाचं अंग होतं ते पुरुषी हार्मोनमुळं, बाईत ते फार कमी असतं. उलट पाळी जायच्या वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतात तेव्हा वजन उचलणंच कामी येतं. 'घरकामात होतोच की व्यायाम' हे मात्र मी पूर्ण खोडून काढणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये व्यायाम सलग दहा मिनिटं तरी हवा ही जुनी अट काढून टाकली, झाडलोट-जिना सगळं धरलं जातं. पण त्याच सूचनांमध्ये आठवड्यातनं दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम वेगळा सांगितलाय, आणि मिक्सर-वॉशिंग मशीनच्या घरकामात तो येत नाही. पाटा-वरवंटा असता तर गोष्ट वेगळी.

माझ्या आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा सगळ्या गल्लीचं एकमत झालं, आता बसून राहा, गुडघे झिजलेत, हालवले की अजून झिजतील. तिला मिरजेला नेलं. आमच्याकडं काहीही झालं की मिरजच. डॉक्टरांनी फोटो बघितला, गोळ्या फार दिल्या नाहीत, फिजिओथेरपीच्या बाईंकडं पाठवलं, आणि त्यांनी आईला काय शिकवलं तर खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं आणि परत हळू बसायचं. बस्स. आई वैतागली, "एवढ्यासाठी मिरजेला आणलंस?" पण गुडघ्याला धरून ठेवतो तो मांडीचा स्नायू, तो बसून बसून गेला की सगळा भार सांध्यावर येतो. वयाचा मुद्दा निघाला तेव्हा मी तिला १९९० ची एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीतल्या दहाजणांकडून आठ आठवडे पायानं वजन उचलून घेतलं, त्यांच्या पायातली ताकद पावणेतीनपट झाली. आईनं विचारलं, त्यांना जेवायला काय देत होते?

प्रश्न अगदी बरोबर होता. ताण द्यायचा तर बांधायला माल पाहिजे. आई माळकरी, अंडं घरात येत नाही, दुधानं तिला गॅस होतो, आणि तिचं जेवण म्हणजे अर्धी भाकरी, पातळ आमटी, लोणचं. त्यामुळं सध्या प्रयत्न असा चाललाय की सोयाबीन थोडं उकळून, वाळवून, भाजून थालीपिठाच्या भाजणीत घालायचं. कच्चं घालून चालत नाही, पचत नाही. पण गिरणीवाला नुसतं सोयाबीन दळायला तयार नाही, म्हणतो तेल सुटतं, जात्याला चिकटतं, मागचं गिऱ्हाईक बोंबलतं. ज्वारी-हरभऱ्यात मिसळून आणा म्हणाला, पाच किलोला अर्धा किलो, तेही शनिवारी दुपारी, गर्दी नसताना.